मूत्रपिंडाचे अर्बुद आणि प्रतिमेचा पुरावा

कर्करोगाच्या चिकित्सेत एक दंडक बहुतेक सर्वत्र पाळला जातो. रोगट भागाचा तुकडा काढावा, तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा आणि रोगाची जात निश्चित झाल्यावरच मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधे यांचा विचार करावा. जिव्हा, स्तन, गर्भाशयमुख, अन्ननलिका या अवयवांच्या बाबतीत या दंडकाला सहसा अपवाद केला जात नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग मात्र या नियमातून सुटला आहे. मूत्रपिंडात घन गाठ दिसली, ती आकाराने वाढलेली असली आणि रक्तात सोडलेले औषध तिने शोषून घेतल्याचे प्रतिमेत दिसले, की पुष्कळदा तुकडा न काढताच शल्यचिकित्सक शस्त्र हाती घेतो. सूक्ष्मदर्शकाचा निकाल शस्त्रक्रियेनंतर येतो. म्हणजे येथे प्रतिमा हीच प्रमुख साक्षीदार, आणि बहुधा तिच्याच साक्षीवर निवाडा होतो. हा अधिकार प्रतिमेला कसा प्राप्त झाला, तो कोठपर्यंत योग्य आहे आणि नागपूरसारख्या शहरात त्याला कोणते रूप आले, याचा मागोवा घेण्याजोगा आहे.

मूत्रपिंडाच्या अर्बुदाच्या शस्त्रक्रियेचा आरंभच एका चुकीच्या निदानाने झाला. १८६१ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे वॉल्कॉट नावाच्या शल्यचिकित्सकाने एका रुग्णाच्या पोटातील मोठी गाठ काढली. ती यकृताची असावी असा त्याचा समज होता. गाठ बाहेर आल्यावर ती मूत्रपिंडाची असल्याचे कळले. रुग्ण सुमारे पंधरा दिवस जगला. वॉल्कॉटला दोष देण्यात अर्थ नाही. पोटाच्या भिंतीवर हात ठेवून चाचपणे याखेरीज आत पाहण्याचा दुसरा मार्गच त्या काळी नव्हता. डावीकडची गाठ प्लीहेची की मूत्रपिंडाची, उजवीकडची यकृताची की मूत्रपिंडाची, हे बोटांनीच ठरवावे लागे, आणि बोटे फसत.

ठरवून, विचारपूर्वक मूत्रपिंड काढण्याचा पहिला मान जर्मनीतील हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सायमन याच्याकडे जातो. २ ऑगस्ट १८६९ रोजी त्याने ही शस्त्रक्रिया केली. रोग कर्करोगाचा नव्हता. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होऊन त्या स्त्रीची मूत्रगळती थांबत नव्हती. एका मूत्रपिंडावर मनुष्य जगू शकेल काय, हा मूळ प्रश्न होता. सायमनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून त्याचे उत्तर मिळविले आणि रुग्ण स्त्री बरी झाली. तथापि त्याच्या प्रयोगातून दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. उरणारे मूत्रपिंड धड आहे की नाही, किंबहुना ते आहे तरी की नाही, हे आधी कसे कळावे? १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाचे मूत्रपिंड काढल्यानंतर त्या शरीरात दुसरे मूत्रपिंड नव्हतेच, असे आढळले. रुग्ण काही दिवसांतच दगावला. प्रतिमाशास्त्राच्या इतिहासात अशा घटनांचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः ज्या अज्ञानामुळे त्या शास्त्राची निकड निर्माण झाली, ते अज्ञान याच घटनांतून स्पष्ट दिसते.

रोगाच्या नावातही गोंधळ होता. १८८३ साली पॉल ग्राविट्झ या विकृतिशास्त्रज्ञाने असे मत मांडले, की ही पिवळसर, मेदयुक्त अर्बुदे मूत्रपिंडाची नसून त्याच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीच्या, गर्भावस्थेत भरकटलेल्या पेशींपासून उत्पन्न होतात. या मतावरूनच पुढे ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव रूढ झाले. मत चुकीचे ठरले, अर्बुदाचा उगम मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत असल्याचे सिद्ध झाले, पण नाव मात्र विसाव्या शतकात दीर्घकाळ टिकून राहिले. परिभाषेच्या बाबतीत हे काही नवल नव्हे. ज्या नागपूर शहरात डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे पारिभाषिक शब्दांच्या कोशाचे प्रचंड कार्य केले, तेथील वाचकांना शब्द आणि वस्तू यांतील हे अंतर सांगण्याची गरज नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी रॉन्टगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, ग्लासगो येथे जॉन मॅकिन्टायर याने मूत्रपिंडातील खड्याची छाया काचेवर उमटवून दाखविली. खडा दिसला याचे कारण तो चुन्यासारख्या जड द्रव्याचा असतो. अर्बुद मांसाचे असते, मूत्रपिंडही मांसाचेच, आणि भोवतीचे स्नायूही तसेच. एकाच घनतेच्या वस्तू किरणांना सारख्याच वाटतात. त्यामुळे क्ष-किरणांच्या पहिल्या दहा वर्षांत अर्बुदाच्या निदानाला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. छाया पडण्यासाठी काहीतरी जड द्रव्य मूत्रमार्गात पोहोचविणे अवश्य होते.

त्यासाठी आधी मूत्राशयात डोकावण्याचे साधन हवे होते. ते नित्झे याने १८७९ साली सिद्ध केले. दुर्बिणीतून बारीक नळी मूत्रवाहिनीत सरकविणे त्यानंतर शक्य झाले. १९०६ साली फोल्कर आणि फोन लिष्टेनबर्ग या दोघांनी त्या नळीवाटे चांदीचे एक द्रावण मूत्रपिंडापर्यंत चढविले आणि क्ष-किरण चित्र घेतले. मूत्रपिंडाच्या आतील पोकळी, तिच्या पेल्यासारख्या शाखा आणि मूत्रवाहिनी यांचा आराखडा प्रथमच डोळ्यांसमोर आला. पण नळी घालणे क्लेशदायक होते, आणि चांदीच्या द्रावणाने मूत्रपिंडाला इजा होऊन काही रुग्ण मरण पावले. प्रतिमा मिळाली, तिची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागली.

पुढील पाऊल अकस्मात पडले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो चिकित्सालयात उपदंशाच्या रुग्णांना आयोडीनयुक्त क्षार दिला जाई. त्या रुग्णांचे मूत्र क्ष-किरण चित्रात पांढरे उमटते, हे तेथील संशोधकांच्या लक्षात आले आणि १९२३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. (नागपूरच्या मेयो रुग्णालयाचा या मेयो बंधूंशी काही संबंध नाही. ते नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे.) आयोडीन हीच किल्ली आहे हे उमगले, तरी शिरेवाटे देता येईल असे निर्धोक संयुग हवे होते. ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात बिन्झ आणि रेट यांनी जंतुविरोधी औषधांच्या शोधात असताना तयार केले. गाईंच्या स्तनदाहासारख्या रोगांवर उपयोगी पडेल अशा द्रव्यांचा शोध तेथे चालू होता. मोझेस स्विक या तरुण अमेरिकन वैद्यकाने त्यातील एका संयुगाचे मोल ओळखले, आणि १९२९ साली शिरेत सोडलेले ‘युरोसिलेक्टान’ मूत्रपिंडातून उतरताना चित्रबद्ध झाले. याच्या श्रेयावरून स्विक आणि त्याचा वरिष्ठ लिष्टेनबर्ग यांच्यात दीर्घ वाद झाला. स्विकला न्याय मिळाला तो १९६५ साली, न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीने त्याला पदक दिले तेव्हा.

येथून जे तंत्र सिद्ध झाले ते भारतीय रुग्णालयांत ‘आय.व्ही.पी.’ या तीन अक्षरांनी ओळखले जाऊ लागले आणि पुढे कित्येक दशके मूत्ररोगाच्या निदानाचा तेच कणा ठरले. आदल्या रात्री एरंडेल, सकाळी रिकामे पोट, हाताच्या शिरेत सुई, आणि मग ठराविक मिनिटांच्या अंतराने एकामागून एक छायाचित्रे. औषध मूत्रात दाट उतरावे म्हणून रुग्णाला तहानलेला ठेवण्याचीही प्रथा होती. ही प्रथा थंड प्रदेशातील ग्रंथांतून आली. विदर्भाच्या वैशाखात, जेथे मूतखडा आधीच घरोघर परिचित आहे, तिचा अंमल कितपत सुज्ञपणाचा होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुढे ही प्रथा सर्वत्रच मागे पडली.

आय.व्ही.पी.ची मर्यादा तिच्या पद्धतीतच होती. ती मूत्रपिंडाचे मांस दाखवीत नसे, केवळ आतील पोकळीचा साचा दाखवी. एखाद्या शाखेला बाक आलेला, दुसरी ताणलेली, तिसरी बुजलेली दिसली, की बाजूला काहीतरी वाढत असावे असा तर्क करावयाचा. घरातील भांडी सरकलेली पाहून कोणी शिरल्याचे ओळखावे तसा हा प्रकार. जो शिरला तो चोर की पाहुणा, हे भांड्यांवरून कळत नाही. तद्वत ती वाढ पाण्याने भरलेल्या निरुपद्रवी पुटीची की कर्करोगाची, हे चित्रावरून ठरत नसे. आणि जे अर्बुद बाहेरच्या कडेला, पोकळीला धक्का न लावता वाढत असे, ते मुळीच सापडत नसे. यामुळे रोग हाती येई तो बहुधा लघवीतून रक्त, कुशीत वेदना आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणे प्रकट झाल्यावर. जुन्या पाठ्यपुस्तकांत या त्रयीला मोठे महत्त्व आहे. पण ती पूर्ण दिसेपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो, हे त्या पुस्तकांनीच नमूद केले आहे.

नागपूरला या काळात आधुनिक वैद्यकाची परंपरा नवी नव्हती. मेयो रुग्णालयाचा उगम १८६२ सालच्या एका दवाखान्यात आहे. १९१४ साली रॉबर्टसन वैद्यकीय शाळा सुरू झाली. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांचे नाव तिला मिळाले. पदवीचे शिक्षण देणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, निघाले. तोपर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडातील विद्यार्थ्याला वैद्यकीय पदवीसाठी प्रांताबाहेर जावे लागे. १९५६ पर्यंत नागपूर हे राजधानीचे शहर होते, आणि भाषावार प्रांतरचनेनंतरही बालाघाट, शिवनी, छिंदवाडा येथील रुग्ण उपचारासाठी नागपूरचीच वाट धरीत राहिले. रोगाला राज्याची सीमा नसते हे येथील रुग्णालयांच्या नोंदवह्या उघडल्या म्हणजे सहज दिसते. १९६८ मध्ये मेयो रुग्णालयाला जोडून दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला पुढे इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत निदानाचा आणखी एक मार्ग प्रशस्त झाला होता. १९२९ साली लिस्बनच्या रेनाल्दो दोस सान्तोस याने पाठीतून सुई घालून महाधमनीत औषध सोडले होते. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर याने मांडीच्या धमनीतून तारेच्या आधाराने नळी सरकविण्याची सोपी युक्ती शोधली आणि धमनीचित्रण आवाक्यात आले. मूत्रपिंडाचे सर्वाधिक आढळणारे अर्बुद रक्तवाहिन्यांनी गजबजलेले असते. चित्रात त्या वाहिन्या वेड्यावाकड्या, विस्कटलेल्या दिसत. १९६४ साली एब्रॅम्स याने एक सूक्ष्म भेद निदर्शनास आणला. अॅड्रिनलिन दिले असता निरोगी धमन्या आकुंचन पावतात, अर्बुदातील वाहिन्या मात्र पावत नाहीत, कारण त्यांच्या भिंतीत तो प्रतिसाद देणारी रचनाच नसते. औषधाला शरीर कसे उत्तर देते हेच येथे प्रतिमेचा विषय झाले. या कल्पनेचे महत्त्व पुढे सीटी स्कॅनच्या काळात अधिक कळले.

शस्त्रक्रियेच्या तंत्रावर या सर्वांचा परिणाम काय झाला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. १९६३ साली कॅनडाच्या रॉब्सन याने मूत्रपिंड, त्याभोवतीची मेदाची वेटोळी, तिच्यावरील आवरण, अधिवृक्क ग्रंथी आणि लसग्रंथी हे सारे एकत्र, एका गाठोड्यासारखे, काढण्याचा पुरस्कार केला. १९६९ सालच्या त्याच्या लेखानंतर ही पद्धत जगभर प्रमाण मानली गेली. रॉब्सनच्या मताला आधार होता, तरी त्यामागे एक न बोललेले कारणही दिसते. अर्बुदाची कडा कोठे संपते हे जेव्हा प्रतिमा सांगू शकत नाही, तेव्हा सर्व काढणे हाच सावध मार्ग ठरतो. थोडेच काढावे असे म्हणणारे लोक नव्हते असे नाही. सायमनचाच हायडेलबर्ग येथील उत्तराधिकारी चेर्नी याने १८८७ साली अर्बुदापुरताच मूत्रपिंडाचा भाग काढला होता, आणि १९५० साली व्हर्मूटेन याने निवडक रुग्णांत मूत्रपिंड राखण्याची बाजू मांडली होती. दोघांचेही म्हणणे बराच काळ मागे पडले. गाठीची नेमकी सीमा आधी दिसत नसल्यामुळे त्यांचा सल्ला पाळणे बहुतेकांना धाडसाचे वाटले असावे.

ही स्थिती बदलली ती ध्वनिलहरींनी आणि गणकयंत्राने. सोनोग्राफीने प्रथम जो उपकार केला तो अगदी साधा होता. पाण्याने भरलेली पुटी आणि मांसाची गाठ यांतील भेद तिने सुईवाचून सांगितला. त्यापूर्वी पुष्कळ रुग्णांचे पोट केवळ ही शंका फेडण्यासाठी उघडावे लागे, किंवा गाठीत सुई घालून द्रव तपासावा लागे. दुसरा परिणाम कोणी योजलेला नव्हता. पित्ताशयातील खड्यासाठी, मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी सोनोग्राफी करताना मूत्रपिंडात लहानशी गाठ सहज दिसू लागली. रुग्णाला तिचा काहीच त्रास नसे. आज जगात निदान होणाऱ्या मूत्रपिंडाच्या अर्बुदांपैकी निम्म्याहून अधिक अशा अनपेक्षित रीतीनेच सापडतात, आणि जुनी त्रयी अल्प रुग्णांत दिसते.

महाराष्ट्रात या यंत्राच्या वाट्याला आणखी एक इतिहास आला. गर्भलिंगनिदानासाठी त्याचा दुरुपयोग होऊ लागल्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तेव्हापासून सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि त्याची जागा यांवर शासनाचे बारीक लक्ष असते. हे नियमन आवश्यकच होते. दुर्गम तालुक्यात यंत्र नेणे त्यामुळे कठीण झाले, ही तक्रारही वैद्यकांकडून ऐकू येते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडननजीकच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. काही वर्षांतच सर्व शरीराचे सीटी स्कॅन शक्य झाले, आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाच्या दृष्टीने या यंत्राचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ते छायेला अंक देते. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, मेदाला उणे शंभराच्या आसपास, अशी ही मोजपट्टी आहे. गाठीत मेदाचा अंक मिळाला तर ती प्रायः ‘अँजिओमायोलायपोमा’ नावाची सौम्य वाढ असते. औषध देण्यापूर्वी आणि नंतर गाठीचा अंक मोजावा. तो वीसहून अधिक वाढला तर गाठीत रक्ताभिसरण आहे, म्हणजे ती निव्वळ पाण्याची नाही. दहा ते वीसच्या दरम्यानचा फरक संदिग्ध समजतात. औषध दिल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटाने मूत्रपिंडाचा बाह्य स्तर उजळतो, दीड मिनिटाच्या सुमारास संपूर्ण मूत्रपिंड सारखे उजळते आणि लहान गाठ त्यात उठून दिसते, त्यानंतर काही मिनिटांनी औषध मूत्रमार्गात उतरते. चित्र कोणत्या क्षणी घेतले हे कळल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही. औषधालाच मूत्रपिंड झेपेल की नाही, हे आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहून ठरवावे लागते. मधुमेही रुग्णांत तर विशेषच.

१९८६ साली मॉर्टन बोस्निअॅक याने पुट्यांचे चार वर्ग केले. भिंत पातळ व आत स्वच्छ पाणी असेल तर पहिला वर्ग, त्याकडे दुर्लक्ष करावे. भिंत जाड, पडदे गाठाळ आणि त्यांत रक्ताभिसरण दिसू लागले की तिसरा व चौथा वर्ग, तेथे बहुधा शस्त्रक्रिया. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर पुष्कळ प्रकरणे अडकू लागल्यामुळे १९९३ मध्ये एक मधला वर्ग काढण्यात आला. त्यातील रुग्णावर केवळ लक्ष ठेवावयाचे. २०१९ साली हे वर्गीकरण पुन्हा सुधारले गेले आणि चुंबकीय अनुनादाच्या चित्रांनाही त्यात स्थान मिळाले. वैद्यकात वर्गीकरणे फार होतात आणि लवकर विसरली जातात. हे टिकले, कारण त्यातील प्रत्येक वर्ग एका कृतीशी बांधलेला आहे.

अर्बुदाची सीमा स्पष्ट दिसू लागली तसा चेर्नीचा जुना विचार पुन्हा वर आला. आता चार सेंटिमीटरपर्यंतच्या, मूत्रपिंडापुरत्या मर्यादित अर्बुदाला पहिल्या अवस्थेतील पहिला पोटवर्ग समजतात आणि शक्य असेल तेथे मूत्रपिंडाचा उरलेला भाग राखतात. शक्य आहे की नाही, हेही प्रतिमाच सांगते. २००९ साली फिलाडेल्फियाच्या कुटिकोव्ह आणि उझो यांनी गाठीचा व्यास, ती किती बाहेर डोकावते, आतील पोकळीपासून तिचे अंतर, टोकांच्या रेषांशी तिचे स्थान यांना गुण देऊन चार ते बारापर्यंतची एक श्रेणी तयार केली. ती पुढे आहे की मागे, हे अक्षराने जोडतात. गुण जितके अधिक तितकी शस्त्रक्रिया बिकट. १९६० च्या दशकातील शल्यचिकित्सकाला जे पोट उघडल्यावर कळे, ते आता आदल्या दिवशी कागदावर मांडता येते.

एवढ्यावरून मूत्रपिंड राखणे नेहमीच श्रेयस्कर असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. युरोपातील एका मोठ्या चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतच्या अर्बुदांचे ५४१ रुग्ण यदृच्छेने दोन गटांत विभागले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दहा वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या गटात ८१.१ टक्के, तर भाग राखलेल्या गटात ७५.७ टक्के होते. मूत्रपिंडाचे कार्य दुसऱ्या गटात अधिक चांगले राहिले, तरी आयुष्य त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, आणि पुष्कळ चिकित्सकांनी आपला मार्ग बदलला नाही. विरोधी पुरावा समोर असताना शास्त्र कसे चालते, याचे हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. भारतात जेथे मधुमेह व रक्तदाब यांनी मूत्रपिंडे आधीच क्षीण झालेली असतात आणि डायलिसिसचे केंद्र गावापासून दूर असते, तेथे मूत्रपिंडाचा भाग राखण्याचे मोल युरोपातील आकड्यांवरून मोजणे योग्य ठरणार नाही.

प्रतिमेचा सर्वांत निर्णायक उपयोग कदाचित उलट टोकाला, पुढे गेलेल्या रोगात होतो. हे अर्बुद मूत्रपिंडाच्या नीलेत शिरते, तेथून अधोमहानीलेत चढते आणि क्वचित हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचते. ते तेथे वेलीसारखे लोंबत असते, त्यामुळे रुग्ण पूर्णतः असाध्य ठरत नाही. त्याचे वरचे टोक यकृताच्या खाली आहे, यकृतामागे आहे की हृदयात, यावर पोट उघडावयाचे की छातीही, हृदयशल्यचिकित्सक सोबत हवा की नको, हे सर्व अवलंबून असते. चुंबकीय अनुनादाच्या चित्राचे येथे विशेष साहाय्य होते. रोग फुप्फुसात वा हाडांत पसरलेला असेल तर निर्णय आणखी वेगळा. अशा रुग्णांत आधी मूत्रपिंड काढावे ही रीत दीर्घकाळ चालत आली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका चाचणीत केवळ सुनिटिनिब हे औषध घेतलेल्या रुग्णांचे आयुर्मान शस्त्रक्रिया करून औषध घेतलेल्यांहून कमी ठरले नाही. त्यानंतर रोग किती पसरला आहे याचे चित्र पाहून शस्त्र न उचलणे, हाही एक विचारपूर्वक निर्णय झाला.

नागपूरमध्ये कर्करोगाची स्वतंत्र संस्था उभी राहिली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने. महाराजांचे १९६८ साली कर्करोगानेच निधन झाले होते. पुढे नागपूर विद्यापीठालाही २००५ साली त्यांचे नाव मिळाले. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केलेल्या कर्करोग नोंदणीची एक शाखा १९८० मध्ये नागपुरात आली, त्यामुळे या शहरातील रोगाचे प्रमाण अंदाजाने बोलण्याची आवश्यकता उरली नाही. भारतात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आढळते. जगात २०२० साली या रोगाचे सुमारे ४ लक्ष ३१ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. भारतातील कमी प्रमाणाचा काही भाग तरी कमी तपासणीमुळे असावा, कारण जेथे सोनोग्राफी कमी तेथे लहान गाठी सापडण्याचा संभवही कमी. २०२२ च्या डिसेंबरात मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले, आणि जामठा येथील कर्करोग संस्थेचे २०२३ च्या एप्रिलमध्ये.

यंत्रे आली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न उरतोच. गडचिरोली शहर नागपूरपासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे, आणि सिरोंचा, भामरागड हे तालुके त्याहून कितीतरी दूर. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली व अमरावती होते. उरलेल्या जिल्ह्यांना ती २०१३ च्या नोव्हेंबरात लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेखाली शस्त्रक्रियेस पूर्वमंजुरी लागते आणि मंजुरीसाठी तपासण्यांचे अहवाल जोडावे लागतात. याचा एक परिणाम असा, की प्रतिमा आता केवळ शल्यचिकित्सकाला पटवून भागत नाही, ती मंजुरी देणाऱ्यालाही पटावी लागते.

प्रतिमेची साक्ष कोठे अपुरी पडते हेही सांगितले पाहिजे. चार सेंटिमीटरहून लहान, घन, रक्ताभिसरणयुक्त गाठी काढल्यानंतर त्यांपैकी साधारण पाचांत एक सौम्य निघते. त्यात ‘ऑन्कोसायटोमा’ ही जात विशेष फसवी. १९७६ साली तिची स्वतंत्र ओळख पटली. धमनीचित्रातील चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, सीटी स्कॅनमधील मधला व्रण, अशी तिची लक्षणे सांगितली गेली, पण कर्करोगातही ती आढळतात. यामुळे सुईने तुकडा घेण्याची पद्धत, जी या रोगात दीर्घकाळ अनावश्यक मानली गेली, ती निवडक रुग्णांत परत येत आहे. दुसरीकडे, कर्करोगाच्या पेशीवरील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन चित्र घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. झिर्कोनियमयुक्त गिरेन्टक्सिमॅबच्या चाचणीत स्पष्टपेशी जातीचा कर्करोग ओळखण्याचे प्रमाण ८६ टक्के आणि तो नसल्याचे अचूक सांगण्याचे प्रमाण ८७ टक्के आले.

वृद्ध किंवा अन्य रोगांनी ग्रस्त रुग्णात लहान गाठ दिसली तर आता काही काळ नुसते पाहत राहण्याचाही मार्ग स्वीकारला जातो. अशा गाठी सरासरीने वर्षाला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात. एवढी सूक्ष्म वाढ मोजण्यासाठी आजच्या चित्राशेजारी गेल्या वर्षीचे चित्र ठेवावेच लागते, आणि ते त्याच पद्धतीने, औषधाच्या त्याच टप्प्यात घेतलेले असावे लागते. मोठ्या संस्थांत ती चित्रे संगणकात साठविलेली असतात. पण रुग्ण एका वर्षी गोंदियात तपासला गेला, दुसऱ्या वर्षी नागपुरात आणि तिसऱ्या वर्षी सेवाग्रामला, तर ही तुलना त्याने जपून ठेवलेल्या फिल्मांवरच होते. तांत्रिक दृष्टीने या रोगाचा दस्तऐवज म्हणजे पॉलिथिनच्या पिशवीतील तो गठ्ठा. त्यातील एखादी फिल्म पावसाळ्यात परस्परांना चिकटून खराब झाली, तर गाठ वाढली की स्थिर राहिली, हे सांगण्यासाठी आणखी सहा महिने थांबावे लागते.